‘मूळ ग्रंथात असं नाहीच!’ : अंजनेरीचा वाद, रामायणाच्या प्रती आणि अभ्यासकांचं एकमत

ज्यांना इअरफोन घरी राहिल्यामुळे हा भाग ऐकता आला नाही, किंवा ऐकताना मध्येच स्टेशन आलं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जे जरा पसरट झालं होतं ते इथे आवरून घेतलंय, पण भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

आजचा विषय फॅमिली ग्रुपवर हमखास भांडण लावणारा. कुणीतरी रील पाठवतं, ‘लक्ष्मणरेषा वाल्मीकींनी लिहिलेलीच नाही.’ लगेच काकांचं उत्तर येतं, ‘हजारो वर्षं सगळे खोटं बोलत होते का?’ मग भाऊ लिहितो, ‘सगळ्या स्कॉलर्सचं एकमत आहे.’ आणि आजी ग्रुपवर नसते, पण तिला हे सगळं वाचून दाखवलं जातं आणि ती दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही.

म्हणजे विषय पुस्तकी असला तरी दुखणं खरं आहे. धर्मग्रंथावर किती विश्वास ठेवायचा? आणि ‘अभ्यासकांचं एकमत’ म्हणजे नक्की काय, ते कसं ठरतं, आणि ते मान्य करायलाच हवं का?

यासाठी लांब जायला नको. नाशिक रोडलाच जाऊ.

३१ मे २०२२ : नाशिक रोडची सभा

त्या दिवशी नाशिक रोडला एक शास्त्रार्थ सभा भरली होती. प्रश्न होता, हनुमानाचा जन्म कुठे झाला? नाशिककरांसाठी हा प्रश्नच नव्हे. नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी आहे, वर अंजनीमातेचं मंदिर आहे, पावसाळ्यात आपण तिथे ट्रेकला जातो, विषय संपला! पण किष्किंधेच्या बाजूने आलेले स्वामी गोविंदानंद सरस्वती यांचं म्हणणं होतं की वाल्मीकी रामायणाप्रमाणे जन्म किष्किंधेतला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या हंपी–आनेगुंदी भागात, कोप्पळ जिल्ह्यातल्या अंजनाद्री टेकडीवरचा. त्यांनी खुलं आव्हान दिलं. अंजनेरीचे ग्रामस्थ आधीच चिडले होते, त्यांनी रास्ता रोको केला. आणि मग सभा ठरली.

सभेत काय झालं? सुरुवातीलाच कोण उंच आसनावर बसणार आणि कोण खाली, यावरून वाजलं. चर्चा पुढे सरकली तेव्हा शब्दाला शब्द वाढत गेला आणि एका क्षणी एका वृत्तवाहिनीचा माईक उगारला गेला. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. निर्णय काहीच न होता सभा संपली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. तो जोरात फिरला होता.

त्या व्हिडिओवर हसणं सोपं आहे. पण माईक बाजूला ठेवला तर खाली एक खरा प्रश्न शिल्लक राहतो. दोन्ही बाजू ग्रंथाचाच आधार घेत होत्या, मग ग्रंथ नक्की काय म्हणतो?

आणि बाजू दोनच नव्हत्या बरं का. तिरुमला तिरुपती देवस्थानाने डिसेंबर २०२० मध्ये अभ्यासकांची समिती नेमली होती, आणि २१ एप्रिल २०२१ ला, रामनवमीच्या दिवशी, जाहीर केलं की जन्मस्थान तिरुमलाच्या सात डोंगरांपैकी अंजनाद्री हेच आहे. कर्नाटकातच गोकर्णचाही दावा आहे. झारखंडात गुमला जिल्ह्यात आंजन नावाचं गाव आहे, तिथलेही लोक हेच सांगतात. प्रत्येक ठिकाणी डोंगर आहे, मंदिर आहे, आणि मनापासून विश्वास ठेवणारी माणसं आहेत.

एका वादात तीन प्रश्न

माझं म्हणणं असं आहे की अशा वादात आपण तीन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात ढवळतो.

पहिला प्रश्न : ग्रंथात काय लिहिलं आहे?

दुसरा : आपल्या हातातला ग्रंथ मुळात तसाच होता का? की मधल्या काळात त्यात भर पडली?

तिसरा : ग्रंथात लिहिलेलं त्या जागी खरंच घडलं का?

पहिल्याचं उत्तर वाचून मिळतं. दुसऱ्यासाठी हस्तलिखितं लागतात. तिसऱ्यासाठी उत्खनन, शिलालेख, भूगोल असं बरंच काही लागतं, आणि तरीही कधी कधी उत्तर मिळत नाही. शिवाय या तिन्हींच्या बाहेर एक चौथी गोष्ट उरते, ती म्हणजे श्रद्धा. तिला यातल्या कुठल्याच कागदपत्राची गरज नसते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणारी बाई आधी पाठभेद बघायला जात नाही.

आता एकेक प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : वाल्मीकी रामायण काय म्हणतं?

प्रचलित वाल्मीकी रामायणात हनुमानाच्या जन्माची गोष्ट मुख्यतः तीन ठिकाणी येते, आणि तीनही वेगवेगळ्या तोंडून.

किष्किंधाकांडाच्या ६६व्या सर्गात जांबवान ती हनुमानालाच सांगतो. समुद्र ओलांडायचाय, हनुमान गप्प बसलाय, म्हणून जांबवान त्याला त्याची ताकद आठवण करून देतो. अंजना, तिचा नवरा केसरी, पर्वतशिखरावर वाऱ्याने तिचा पदर उडवणं, आणि मग गुहेत जन्म. पण कुठला पर्वत? नकाशावर बोट ठेवता येईल असं नाव तिथे नाही.

सुंदरकांडाच्या ३५व्या सर्गात हनुमान स्वतः सीतेला आपली ओळख देतो. तिथे माल्यवान पर्वताचं नाव येतं, आणि तिथून केसरी गोकर्णाला गेला असंही येतं. गोकर्णवाल्यांचा आधार इथे आहे.

उत्तरकांडाच्या ३५व्या सर्गात अगस्त्य ऋषी रामाला तीच कथा सांगतात. तिथे केसरी राज्य करतो तो सुमेरू पर्वतावर. आता सुमेरू कर्नाटकातही नाही आणि नाशिकमध्येही नाही. तो पुराणांच्या भूगोलातला सोन्याचा डोंगर!

म्हणजे ‘वाल्मीकी रामायणात स्पष्ट लिहिलं आहे’ असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला इतकंच विचारायचं : कुठल्या कांडात? कुठल्या सर्गात? तीन जागा, तीन सांगणारे, आणि त्यात अंजनेरी, हंपी किंवा तिरुमला असा सरळ पत्ता कुठेच नाही. अंजनेरी आणि तिरुमलाचा आधार नंतरची पुराणं, क्षेत्रमाहात्म्यं आणि स्थानिक परंपरा यांच्यात आहे. किष्किंधेची बाजू थोडी वेगळी पडते, कारण वानरांचं राज्य किष्किंधेत होतं हे रामायणच सांगतं. पण राज्य तिथे होतं म्हणून हनुमानाचा जन्मही तिथलाच, ही पुढची उडी वाचणाऱ्याने मारलेली आहे.

दुसरा प्रश्न : हातातला ग्रंथ मूळचाच का?

इथे अभ्यासकांचं काम सुरू होतं. ते समजायला व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डसारखं उदाहरण नाही.

समजा, घरगुती काढ्याचा एक मेसेज तुम्हाला पाच ग्रुपवर आला. पाचही थोडे थोडे वेगळे. एकात हळद आहे, चारांत नाही. एकाच्या शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ असं आहे. दोन मेसेजमध्ये ‘तुळस’च्या जागी चुकून ‘तुळई’ लिहिलंय, आणि अगदी त्याच ओळीत. मूळ मेसेज तुमच्याकडे नाही, पण तुम्ही अंदाज बांधू शकता. ज्या दोघांत तीच चूक आहे, ते एकाच ठिकाणाहून कॉपी झालेत. ‘दहा जणांना पाठवा’ कुणीतरी नंतर चिकटवलंय. आणि दोन ग्रुपचा एकमेकांशी काही संबंध नसताना जे दोन्हींत सारखं आहे, ते बहुतेक जुनं असणार.

आता यातली खरी मेख. समजा, एकाच ग्रुपवरून पन्नास जणांनी पुढे पाठवलं. तर हळद असलेले मेसेज एकावन्न झाले. मग हळद मूळचीच ठरली का? नाही. ते पन्नास मिळून साक्षीदार एकच! म्हणून प्रती मोजून निकाल लागत नाही. हात वर करून मतदान घ्यावं तसं हे काम नाहीच. प्रतींची वंशावळ लावावी लागते. कुणाची आई कोण, कुणाची मावशी कोण.

हे काम पुण्यात झालं, आणि जगात नाव निघावं असं झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. १९१९ मध्ये तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा सांभाळली. काम पूर्ण झालं १९६६ मध्ये. म्हणजे जवळजवळ ४७ वर्षं! ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या अनेकांनी शेवट पाहिलाच नाही.

एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधली. पद्धत अशी की श्लोकाची एक ओळ कागदावर वर लिहायची आणि खाली प्रत्येक प्रतीत ती कशी आहे ते अक्षर अक्षर नोंदवायचं. मग दिसू लागलं की काश्मीरची शारदा लिपीतली प्रत आणि केरळची मल्याळम प्रत, देशाच्या दोन टोकांच्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या, कित्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगतात. ती गोष्ट जुनी, असं मानायला तिथे जोर मिळतो. आणि जे फक्त एका भागातल्याच प्रतींत आहे, ते तळटीपेत किंवा परिशिष्टात.

यातून काही धक्के बसले. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली लाडकी गोष्ट परिशिष्टात गेली. द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळी ती कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रं पुरवतो, हा भागही मुख्य संहितेतून बाहेर गेला. तिथे वस्त्रांमागून वस्त्रं येत राहतात, पण कोण पुरवतंय हे सांगितलेलं नाही. सभापर्वाच्या त्या खंडाचे संपादक होते फ्रँकलिन एजर्टन, अमेरिकन संस्कृतज्ञ.

रामायणाचं असंच काम बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने केलं. त्याचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात निघाले. आणि हो, लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, शबरीची उष्टी बोरंही नाहीत. त्या गोष्टी नंतरच्या रामकथांनी आपल्याला दिल्या. म्हणजे फॅमिली ग्रुपवरचं ते रील या बाबतीत बरोबर होतं.

मग काका चुकले का?

थांबा. इथेच बहुतेक लोक घाई करतात.

चिकित्सक आवृत्ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे बघायला हवं. सुकथनकरांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं की ही संहिता म्हणजे व्यासांच्या हातचं मूळ पुस्तक नव्हे. आज उपलब्ध असलेल्या प्रतींवरून मागे मागे जात जितकं जुनं रूप हाती लागतं, तितकंच ते. त्याच्याही मागे काही शतकांचं तोंडी गायन, कथन, पाठांतर असणार. तिथपर्यंत हस्तलिखित पोचत नाही.

शिवाय ‘नंतर आलं’ म्हणजे ‘खोटं’ असं होत नाही. गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट नंतर आली असेल, पण ती ऐकून पिढ्या वाढल्या. तीही इतिहासच आहे, फक्त महाभारताच्या वाचकांचा इतिहास.

आणि गंमत बघा. शतकानुशतकं देशभर जे महाभारत वाचलं गेलं, ते मुख्यतः नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसोबतचं. हे सतराव्या शतकातले पंडित, काशीत राहिलेले, पण घराणं कोपरगावचं. आपल्या गोदावरीकाठचं! नाशिकहून नदी खाली जाते तेव्हा कोपरगाव लागतंच. नीलकंठांनीही आपल्या परीने ठिकठिकाणच्या प्रती जमवून तुलना केली होती. फक्त त्यांचं धोरण जास्तीत जास्त सामावून घेण्याचं होतं. सुकथनकरांचं धोरण गाळून घेण्याचं.

म्हणजे प्रती तपासणं हे इंग्रजांनी शिकवलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. आणखी जवळचं उदाहरण हवं? एकनाथ महाराज. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत होत तिच्यात अपपाठ शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला प्रती तपासून ती शुद्ध केली, आणि शेवटी ताकीद दिली की यात आपल्या पदरच्या ओव्या कुणी घालू नका. नाथांची ज्ञानेश्वरीवर श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी हे केलं का? उलट! ज्या ग्रंथावर जीव आहे, त्यात कुणी भेसळ केलेली सहन होत नाही म्हणून केलं. पुढे १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगळ्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली, ती नाथांच्या आधीची प्रत आहे असा त्यांचा दावा होता, आणि त्यावर मराठी विद्वानांत पुन्हा मोठा वाद झाला.

बाहेरच्या धर्मांतही हेच. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे शेवटचे बारा श्लोक सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. आज बऱ्याच छापील आवृत्त्या ते कंसात घालतात आणि खाली टीप देतात. चर्च त्यामुळे बंद पडली नाहीत.

एकमत म्हणजे नक्की काय?

आता मुख्य मुद्दा. ‘अभ्यासकांचं एकमत’ हा शब्द आपण असा वापरतो जणू कुठेतरी बैठक झाली आणि ठराव पास झाला. तसं होत नाही. एकेक अभ्यासक आपला पुरावा मांडतो, दुसरा त्यात भोकं शोधतो, तिसरा नवी प्रत घेऊन येतो. चाळीस-पन्नास वर्षं असं चाललं आणि एखादं विधान पाडणं कुणालाच जमलं नाही, की त्याला आपण एकमत म्हणतो. त्याची ताकद लोकांच्या संख्येत नसते. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या श्रद्धांचे, एकमेकांशी न पटणारे लोक त्याच जागी पोचतात, त्यात ती असते. अगदी काश्मीर आणि केरळच्या प्रतींसारखं!

आणि सगळी एकमतं सारख्या वजनाची नसतात. हनुमानाच्या वादाचंच घ्या.

लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या संहितेत नाही, हे भक्कम. कुणीही प्रती उघडून पाहू शकतो.

उत्तरकांड आणि बालकांडाचा बराचसा भाग मधल्या पाच कांडांपेक्षा नंतरचा, हे मत जर्मन अभ्यासक हेर्मान याकोबी यांनी १८९३ मध्ये सविस्तर मांडलं, आणि आज बहुतेक अभ्यासक ते थोड्याफार फरकाने मानतात. पण हे भाषा, शैली आणि कथेची रचना यांवरून काढलेलं अनुमान आहे. कारण आज मिळणाऱ्या प्रतींत ती कांडं आहेतच. म्हणून हे मत बऱ्यापैकी मजबूत, पण पहिल्याइतकं नाही. ते मानलं तर सुमेरूचा उल्लेख नंतरच्या थरातला ठरतो.

आणि किष्किंधा नकाशावर नेमकी कुठे, लंका कुठे, यावर एकमत असं नाहीच. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया बघा. हे साधे नाव नव्हे. १९५०–५१ च्या सुमारास नाशिकच्या जुन्या गढीचं आणि जोर्व्याचं उत्खनन त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. ते म्हणत होते की रामायणातली लंका श्रीलंकेत नसून मध्य भारतात असावी. त्यांच्याही आधी इंदूरचे सरदार माधवराव किबे लंका अमरकंटकजवळ शोधत होते. पंचवटीचंच बघा ना. आपल्यासाठी ती नाशिकची, पण तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशालेतले लोकही सीताहरण आपल्याकडेच झालं असं सांगतात. गोदावरी तिथेही आहे.

म्हणून नाशिक रोडच्या सभेत निकाल लागणं शक्यच नव्हतं. आसनं सारखी असती, माईक जागेवर राहिला असता, तरीही नाही. ज्या प्रश्नावर ग्रंथ गप्प आहे, त्याचं उत्तर ग्रंथातून वाद घालून कसं निघणार?

एकमत मोडतं कसं, हेही बघून घेऊ. फ्रेंच विदुषी मादलेन बियार्दो यांनी चिकित्सक आवृत्तीच्या कल्पनेलाच विरोध केला. त्यांचा मुद्दा : ही परंपरा मुळात तोंडी, अनेक ठिकाणी अनेक रूपांत जिवंत असलेली. मग एकच ‘जुनं रूप’ शोधायचं तरी कशाला? आणि द्रौपदीच्या प्रसंगात उद्योगपर्वाकडे बोट दाखवणारे अभ्यासक आहेत. तिथे कृष्ण म्हणतो की मी दूर असताना द्रौपदीने मला हाक मारली होती, ते ऋण माझ्या मनातून जात नाही. हा भाग चिकित्सक आवृत्तीतही आहे. मग सभापर्वातून तो धावा काढला ते योग्य झालं का? हा वाद आजही चालू आहे. पण बघा, विरोध करणारेही पुण्याच्या त्याच खंडातले पाठभेद उघडून विरोध करतात. पटलं नाही तर तपासता येईल, म्हणून तर ते सगळं तळटीपेत छापून ठेवलंय.

तिसरा प्रश्न : आणि जागेचं काय?

जागा खरं-खोटं सांगते ती कशी, याचं उत्तम उदाहरण मुंबई–आग्रा हायवेवरून दिसतं. पांडवलेणी. नाव पांडवांचं. पण आत भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेत, आणि ते सांगतात की ही लेणी बौद्ध भिक्खूंसाठी सातवाहन, क्षत्रप आणि सामान्य लोकांच्या दानातून झाली. गौतमी बलश्रीचा लेख तिथे आहे, नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. इथे शंका उरत नाही, कारण दगड स्वतः बोलतोय. पांडवांचं नाव नंतर लोकांनी दिलं.

अंजनेरीचीही आपली कहाणी आहे, आणि ती हनुमानावाचून अडत नाही. इथे सापडलेले भोगशक्तीचे ताम्रपट आठव्या शतकातले आहेत. इथल्या जुन्या जैन मंदिरात सेऊणचंद्र यादवाचा शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्याचा शिलालेख आहे. एवढा इतिहास हातात असलेलं गाव आहे हे! पण सभेच्या गोंधळात त्याबद्दल कुणाला बोलायला वेळ मिळाला नाही.

आणि ग्रामस्थांचा राग? तो समजण्यासारखा आहे. तुमच्या गावाची ओळख, जत्रा, पायथ्याच्या टपऱ्यांचं पोट, सगळं एका नावाशी बांधलेलं असतं. बाहेरून कुणी येऊन म्हणालं, ‘तुमचं खोटं’, तर कोण शांत बसेल? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असताना तर नाहीच. पण मग दुसऱ्या बाजूलाही तेवढीच माणसं आहेत. आनेगुंदीच्या टेकडीखाली नारळ विकणाऱ्याचंही पोट आहे.

मग ग्रुपवर काय लिहायचं?

पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर मी काय करतो ते सांगतो.

आधी प्रश्न कुठला ते ओळखतो. ‘ग्रंथात आहे की नाही’ असा असेल तर कांड आणि सर्ग विचारतो. पत्ता नसेल तर चर्चा तिथेच थांबते. ‘नंतर घातलंय’ असा दावा असेल तर विचारतो, कुठल्या आवृत्तीच्या आधारे? भांडारकरची संहिता संगणकीय रूपात इंटरनेटवर फुकट मिळते, फोनवरही उघडते. ‘इथेच घडलं’ असा दावा असेल तर विचारतो, ग्रंथाबाहेरचा पुरावा काय?

‘सगळे अभ्यासक म्हणतात’ असं कुणी लिहिलं, की दोन नावं मागतो. एक मानणाऱ्याचं आणि एक न मानणाऱ्याचं. ज्याला विषय माहीत असतो त्याला दुसरं नाव माहीत असतंच. ज्याला नसतो तो चिडतो.

आणि हे दोन्ही बाजूंना लागू. ‘धर्म बुडाला’ म्हणणाऱ्यालाही आणि ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यालाही. कारण पाठ नंतरचा आहे हे सिद्ध झाल्याने देव नाही हे सिद्ध होत नाही, आणि पाठ जुना आहे हे सिद्ध झाल्याने गोष्ट घडली हेही सिद्ध होत नाही. चिकित्सक आवृत्तीने दोन्हींपैकी कशाचाच दावा केलेला नाही.

आजीचं काय? तिला शबरीच्या बोरांची गोष्ट आवडते ती प्रेमासाठी. जातपात न बघता रामाने उष्टं खाल्लं, यासाठी. तिला एवढंच सांगायचं की ही गोष्ट वाल्मीकींनी नाही, नंतरच्या भक्तांनी घातली. लोकांना राम तसा हवा होता म्हणून घातली. माझा अनुभव असा की आज्यांना हे पटतं. भांडण ‘खोटं’ या शब्दावरून होतं. तो शब्द गाळला की पुष्कळ बोलता येतं.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावाजवळ रामायण-महाभारताशी जोडलेली जागा असेल, सीतागुंफा, भीमाची चूल, पांडवांचा वाडा, काहीही, तर तिची स्थानिक गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा. सोबत तिथला शिलालेख किंवा जुनं मंदिर असेल तर फोटोही. दोन्ही शेजारी ठेवून एक भाग करू. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर फॉरवर्ड करण्याआधी सर्ग विचारा!